घोड्याच्या छातीवरचं पितळ: वॉलसॉल ते आर्डिंग्ली

मंगळवार, वॉलसॉल

इंग्लंड बघायला आलेला माणूस वॉलसॉलला उतरत नाही. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनातून गाडी वीस-पंचवीस मिनिटांत तिथं पोचवते, पण बघण्याच्या यादीत हे गाव कुणी धरत नाही. घोड्याच्या साजाची आवड असेल तर मात्र वाट इथूनच सुरू होते. खोगीर, लगाम, रिकिबी, कड्या, बकलं, सगळ्या ब्रिटिश साम्राज्याला पुरेल इतका माल या एका गावातून जात असे. गावच्या फुटबॉल संघाला आजही लोक ‘सॅडलर्स’ म्हणूनच हाक मारतात. राणी एलिझाबेथच्या हातात कायम दिसणारी ती काळी लॉनर पर्ससुद्धा वॉलसॉलचीच.

मी राहते रेडिंगला आणि जमवते हॉर्स ब्रास. तासगावहून मामा आले होते, ईस्टरची सुट्टी होती. मामांनी उभं आयुष्य बैल सांभाळण्यात घातलेलं. लंडनचे पूल आणि राजवाडे त्यांना एका दिवसात पुरे झाले. “तुझं ते घोड्याचं पितळ कुठं मिळतं ते दाव,” म्हणाले. म्हणून हा प्रवास.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. हॉर्स ब्रास म्हणजे तळहातावर मावेल एवढा, साधारण तीन-साडेतीन इंचांचा पितळेचा बिल्ला. वरच्या अंगाला चामड्याचा पट्टा ओवण्यापुरती खाच. मधे चंद्रकोर, सूर्य, पत्त्यातला बदाम, गव्हाची पेंढी, घोडा, सिंह, नांगर, राणीचा चेहरा, काहीही. ओझ्याच्या गाड्या आणि नांगर ओढणाऱ्या थोराड घोड्यांच्या साजावर हे बांधत. एखादा कपाळावर लोंबतो. बाकीचे गळ्याच्या कॉलरपासून छातीवरून खाली उतरून पुढच्या पायांमधून पोटाच्या तंगापर्यंत जाणाऱ्या पट्ट्यावर, एकाखाली एक. या पट्ट्याला मार्टिंगेल म्हणतात. ही फॅशन भरात आली १८५० नंतर आणि ओसरली पहिल्या महायुद्धात.

वॉलसॉलचं चामड्याचं संग्रहालय एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत होतं, आम्ही गेलो तेव्हा. खिडक्या मोठ्या, कारण शिवणाऱ्याला उजेड हवा. एक बाई बाकावर बसून दोन सुयांनी पट्टा शिवून दाखवत होत्या. दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून सुई, प्रत्येक टाका ओढून घट्ट. मामा त्यांच्यासमोरून हलेचनात. शेवटी त्यांनी मला सांगितलं, “विचार त्यांना, मेण लावलाय का दोऱ्याला?” लावला होता.

चामडं एकाचं, धातू दुसऱ्याचा. लगामाच्या कड्या, बकलं, रिकिबी ओतणाऱ्या-घडवणाऱ्या कारागिराला लॉरिनर म्हणतात आणि हॉर्स ब्रास आले ते याच लोकांच्या भट्टीतून. त्यांची नमुन्यांची पुस्तकं असत. साज विकणारा दुकानदार त्यातून नंबर सांगून माल मागवी, गाडीवान दुकानात येऊन आपल्या पसंतीचा उचली. ही गोष्ट मी मुद्दाम आधी लिहून ठेवते, कारण ऑक्सफर्डला गेल्यावर हिचाच उपयोग होणार आहे.

बुधवार, फाउंड्री

वॉलसॉलच्या आसपास अजून काही छोट्या फाउंड्र्या पितळ ओततात. त्यांतल्या एकीत आम्हाला सकाळभर उभं राहू दिलं. मामांचा धाकटा भाऊ शिरोलीला फाउंड्रीत होता, त्यामुळे पॅटर्न, मोल्डिंग बॉक्स, कोअर हे शब्द त्यांना तोंडपाठ. मी भाषांतर करायला तोंड उघडायच्या आतच ते मान डोलवत.

मूळ नमुना आधी लाकडात कोरत किंवा शिशात घडवत. त्यावरून धातूचा कामाचा पॅटर्न. मग लोखंडी पेटीचा खालचा भाग, त्यात ओलसर, चिकणमातीचा अंश असलेली वाळू. पॅटर्न दाबायचा, वर दुसरी पेटी, पुन्हा वाळू ठोकून भरायची. पेट्या अलगद उघडून पॅटर्न काढून घेतला की बिल्ल्याच्या आकाराची पोकळी उरते. वाळू इतकी बारीक की राणीच्या मुकुटातले मणीही उठतात. एका पेटीत बरेच नमुने बसवतात, झाडाच्या फांद्यांना पानं असावीत तसे, आणि मधल्या वाटेनं सगळ्यांत एकदम पितळ धावतं.

ओतायच्या वेळी कामगारानं आम्हाला मागं सरकवलं. मुशीतून पांढरा धूर उठला. ते जस्त. पितळ साधारण साडेनऊशे अंशांच्या आत-बाहेर वितळतं आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागतं, म्हणून दर ओतणीला थोडं जस्त उडून जातंच. जुन्या काळी बंद शेडमध्ये हा धूर श्वासात जाऊन कामगारांना संध्याकाळी हुडहुडी भरे, ताप येई. बर्मिंगहॅमचे ओतारी त्यावर उपाय म्हणून दूध पीत. दुधानं ताप जात असेल असं नाही, पण त्यांची त्यावर श्रद्धा होती. आज वर मोठा पंखा आहे, तोंडाला मुखवटा आहे.

जस्ताच्या या पळपुटेपणामुळेच पितळ बनवणं युरोपात फार दिवस अवघड राहिलं. जस्ताचं खनिज आणि तांबं एकत्र तापवून, जस्ताची वाफ तांब्यात मुरवून पितळ करत. राजस्थानात उदयपूरजवळ जावरला मात्र मातीच्या नळ्यांमधून ती वाफ खाली उतरवून, थंड करून शुद्ध जस्त गोळा करायची रीत कित्येक शतकं चालू होती. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियननं ब्रिस्टलला जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी मुशीकडे एकदा नव्यानं पाहिलं.

आता संग्राहकाच्या कामाची गोष्ट. ओतून निघालेल्या बिल्ल्याच्या कडा खरबरीत असतात, त्या कानशीनं घासाव्या लागतात. घासायचं तर व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरायचं कुठं? दर्शनी बाजू धरली तर नक्षी चेपते. म्हणून जुने ओतारी पॅटर्नच्या पाठीवर दोन छोटे खुंट ठेवत. ते व्हाइसमध्ये पकडून कडा घासायच्या, नक्षीतली जाळी मोकळी करायची आणि शेवटी खुंट कापून टाकायचे. त्यांना ‘गेट्स’ म्हणतात. जुना ओतीव ब्रास उलटा केला की पाठीवर त्या कापलेल्या खुंटांचे दोन ठिपके सापडतात. बोट फिरवलं तरी कळतात. हे ठिपके म्हणजे एका माणसानं कधी काळी हा तुकडा हातात धरून तास-अर्धा तास घासल्याची नोंद आहे, आणि मला त्या पुढच्या नक्षीइतकेच प्रिय आहेत.

१८८० च्या आसपास पत्र्यावर ठसा मारून बनवलेले ब्रास बाजारात आले. जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, पाठीमागे नक्षीचा खोलगट उलटा ठसा. हलके, स्वस्त, घोड्यालाही सुसह्य. पुष्कळ लोक त्यांना कमअस्सल समजतात. मला ते पटत नाही. काही नाजूक नमुने फक्त ठशातच मिळतात.

फाउंड्रीच्या माणसानं निघताना आणखी एक गोष्ट दाखवली. पितळ थंड होताना शेकडा दीड-दोन टक्के आकसतं. त्यामुळे जुना ब्रासच पॅटर्न म्हणून वापरून कुणी नवा ओतला तर तो मूळाहून किंचित लहान निघतो आणि नक्षीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. त्यानं दोन बिल्ले एकावर एक ठेवून दाखवले. फरक नखभर, पण डोळ्याला स्पष्ट. मी तेव्हापासून पिशवीत मोजपट्टी ठेवते.

गुरुवार, ऑक्सफर्ड

पिट रिव्हर्स संग्रहालयात शिरायला आधी नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयातल्या सांगाड्यांमधून जावं लागतं. आत उजेड मुद्दाम कमी. १८८४ साली जनरल पिट-रिव्हर्स यांनी आपला संग्रह विद्यापीठाला दिला, त्यातून हे उभं राहिलं. इथं वस्तू देशवार लावलेल्या नाहीत, कामानुसार लावल्या आहेत. बासऱ्या सगळ्या एकत्र, कुलपं सगळी एकत्र आणि ताईत-गंडे-दोरे जगभरचे एकाच ठिकाणी. घोड्याच्या पितळेचा विचार या ताइतांच्या सोबतीनं करायचा की नाही, हाच या छंदातला सगळ्यात जुना वाद.

सॉमरसेटच्या वेलिंग्टन गावचे फ्रेडरिक एल्वर्दी यांनी १८९५ साली दृष्ट लागण्याच्या समजुतीवर मोठं पुस्तक लिहिलं. नेपल्समध्ये गाडीच्या घोड्यांवर त्यांनी चंद्रकोरी, शिंगं, हात पाहिले होते. इंग्लंडच्या घोड्यांवरच्या चंद्रकोरीही त्यांनी त्याच माळेत ओवल्या. चमकतं पितळ पाहणाऱ्याची पहिली वाईट नजर स्वतःवर घेतं आणि जनावर वाचतं, असा अर्थ. तिथून हे सगळीकडे पसरलं. सूर्य म्हणजे प्राचीन सूर्यपूजा, चंद्रकोर म्हणजे चंद्रदेवता डायाना, चाक म्हणजे अमुक, झाड म्हणजे तमुक.

पुराव्याकडे पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. रोमन घोडदळाच्या साजावर चंद्रकोरीची लोंबती पदकं होती, हे खरं. तेराव्या-चौदाव्या शतकात सरदारांच्या घोड्यांवर कुलचिन्हांची मिनाकारी केलेली छोटी पदकं असत, तीही शेतांत सापडतात. पण तिथून १८५० पर्यंत मधे शतकांची पोकळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रांतले शेतीचे नि गाडीचे घोडे पाहा, पितळ जवळजवळ नाहीच. मग एकाएकी वॉलसॉल आणि बर्मिंगहॅममधून हजारो निघू लागतात, नमुन्याच्या पुस्तकातून, नंबरानं. प्राचीन परंपरा अशी मधेच शतकानुशतकं गुप्त होऊन कारखान्याच्या कॅटलॉगात उगवत नसते. माझं मत या बाबतीत पक्कं आहे: हे व्हिक्टोरियन काळातलं भूषण आहे आणि त्यानं त्याची किंमत काडीइतकीही कमी होत नाही.

मामांपुढे मी हा सगळा युक्तिवाद मांडला. काचेतल्या चंद्रकोरीकडे बघत त्यांनी ऐकून घेतलं.

“आपल्या बेंदराला बैलाला काय काय घालतो?” त्यांनी विचारलं.

“झूल, गोंडे, घुंगरं, शिंगांना शेंब्या, बेगड.”

“आणि गळ्यात काळा दोरा. शेंब्या कशाला म्हणून विचारलंस तर मी म्हणंन, शोभतं. दोरा कशाला तर म्हणंन, नजर लागू नये. पण बाजारातनं दोन्ही एकाच फेरीत आणतो. तुझा गाडीवान काय म्हणत असंल ते तू त्याला विचारलंस का?”

विचारता येणार नाही, हे मामांनाही ठाऊक होतं. पण प्रश्न मला पटला. कारखान्याला अर्थाशी देणंघेणं नव्हतं म्हणून बांधणाऱ्यालाही नव्हतं, असं म्हणणं म्हणजे अर्धाच पुरावा वाचणं. गाडीवानानं पदरचे पैसे घालून ते विकत घेतलं होतं. मालक साज देई, पितळ बहुधा ज्याचं त्याचं. नोकरी बदलली की तो आपले ब्रास काढून सोबत नेई. अर्थ शोधायचा तर तिथं शोधावा.

शुक्रवार, हुक नॉर्टन

बॅनबरीपासून थोड्या अंतरावर हुक नॉर्टन हे गाव, आणि गावात उंच, मनोऱ्यासारखी विटांची नि लाकडाची ब्रुअरी. १८४९ साली सुरू झालेली. धान्य वर चढवायचं आणि मजल्यामजल्यानं खाली येता येता बिअर तयार व्हायची, अशी रचना. माझं लक्ष तबेल्याकडे. इथं शायर जातीचे घोडे अजून पाळले आहेत आणि आसपासच्या पबांत पिंपं घेऊन जातात.

शायर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय या पितळेचं माप कळत नाही. खांद्याशी माणसापेक्षा उंच, वजन टनाच्या घरात, खुरांवर पांढऱ्या केसांचे झुबके. कपाटात ठेवलेला साडेतीन इंचांचा बिल्ला मोठा वाटतो. शायरच्या छातीवर तो अगदी बेताचा दिसतो, आणि म्हणूनच एकाखाली एक चार-पाच लागतात. कानांमधे डोक्यावर गोल कड्यात झुलणारी पितळी चकती असते, फ्लाय टेरेट. घोडा मान हलवतो तशी ती लकाकते. कॉलरला घट्ट बसणाऱ्या दोन वाकड्या दांड्या, हेम्स, त्यांची टोकं पितळेची. मोतद्दारानं साज चढवताना सगळ्यात आधी कॉलर उलटी धरून घोड्याच्या डोक्यातून घातली आणि मानेशी आल्यावर फिरवून सरळ केली, कारण डोकं रुंद आणि मान वर निमुळती. मामा लगेच पुढे झाले. कॉलर आणि मान यांच्यामध्ये त्यांनी आपले पंजे घालून पाहिले.

“हे जनावराला रुतत नसंल का गं?” पितळेकडे बोट दाखवून त्यांनी विचारायला लावलं.

मोतद्दार म्हणाला, रोजच्या कामाला एवढं कोण घालतं? रोज कपाळावरचा एखादा, फार तर छातीवर एक-दोन. पूर्ण साज मिरवणुकीला. पूर्वीही असंच होतं. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, बाजाराच्या दिवशी, सणाच्या मिरवणुकीला गाडीवान पहाटे तीन-चारला उठून घोड्याच्या शेपटीत नि आयाळीत फिती गुंफी, पितळ घासी आणि मग रस्त्यावर निघे.

गुडफ्रायडे असल्यामुळे गावातलं बाकी सगळं शांत होतं. आम्ही पबमध्ये जेवलो. तुळयांवर खिळ्यांनी ठोकलेले ब्रास होते, सगळे नवे, शोभेचे. इंग्लंडमध्ये बहुतेकांना हॉर्स ब्रास ठाऊक आहे तो असाच, बिअरच्या सोबतीला.

शनिवार, पोर्टोबेलो रोड

लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर जुन्या वस्तूंचा खरा बाजार शनिवारी. सकाळी लवकर जावं. अकरानंतर खांद्याला खांदा लागतो.

मी नेहमी एकाच रीतीनं बघते. हातात घेऊन आधी वजन. मग उलटा करायचा. गेट्सचे ठिपके किंवा ठशाचा खोलगटपणा. मग खाचेची वरची कड बघायची: चामड्याचा पट्टा वर्षानुवर्षं तिथं हलत राहिला असेल तर ती झिजून पातळ होते, आतल्या बाजूनं गुळगुळीत. पाठीचा खालचा भाग छातीच्या पट्ट्यावर घासून सपाट झालेला असतो. समोरची नक्षी घासून घासून मऊ झालेली. ही झीज तीन ठिकाणी एकमेकींशी जुळली पाहिजे. समोर झिजलेला पण खाच कोरी करकरीत, म्हणजे कुणीतरी यंत्रावर धरून म्हातारा केलेला आहे.

एका टेबलावर प्रत्येक ब्रासला कार्ड जोडलेलं होतं. सूर्य, ड्रुइडांचं, म्हणजे प्राचीन ब्रिटनमधल्या पुरोहितांचं, चिन्ह. बदाम, इजिप्तहून आलेलं. पेंढी, सुगीच्या देवतेची. विकणारा माणूस गोड होता, गिऱ्हाइकांना ते वाचून आनंद होत होता. मला मात्र वाईट वाटलं, कारण पेंढीला खरा अर्थ होताच. ती शेतावरच्या घोड्याची. पिंप ब्रुअरीच्या घोड्याचं. रेल्वे कंपन्यांच्या घोड्यांवर कंपनीची अक्षरं. अस्वल आणि खडबडीत काठी असेल तर तो वॉरिकशरचा, गाठ असेल तर स्टॅफर्डशरची, मागच्या पायांवर उभा घोडा असेल तर केंट परगण्याचा. गाडीवान आपलं गाव, धंदा, धनी छातीवर मिरवत होता. ही ओळख अगदी हाताशी असताना तिला ड्रुइडांपर्यंत ओढत न्यायची गरज काय?

पुढच्या टेबलाखालच्या खोक्यात मामांना दहा-बारा चकचकीत ब्रास सापडले. एकाच्या पाठीवर ‘भारतात बनवलेले’ अशी चिठ्ठी. “ह्ये आपल्याकडचं की!” त्यांचा चेहरा उजळला. मुरादाबादसारख्या गावांत पितळेवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेला आहे. ओतकाम वाईट नव्हतं. शोभेचं म्हणून विकलं तर त्यात काही खोटं नाही. फक्त ती चिठ्ठी सोलून कुणी ‘व्हिक्टोरियन’ म्हणून विकू नये. मामांनी त्यातलाच एक, बैलगाडीचं चाक वाटावं असा, घरच्या दारावर लावायला घेतला.

मी घेतली एक ओतीव चंद्रकोर. नक्षी जवळजवळ काहीच नाही, साधी कोर. पण वरची कड कागदासारखी झिजलेली. दुकानदार म्हणाला, हिच्याकडे कुणी बघत नाही, आठ पाउंड द्या.

रविवार, केंट

ईस्टरच्या दुपारी एका जुन्या संग्राहकाकडे बोलावणं होतं. इंग्लंडमध्ये १९७५ पासून हॉर्स ब्रास जमवणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या बैठकीत माझी त्यांची ओळख झाली. घरात भिंतीवर एकही ब्रास नाही. सगळे उथळ खणांमध्ये, कापडावर पालथे ठेवलेले. पाठी वर! मला ते पाहून फार आनंद झाला.

त्यांनी खण एकेक करून उघडले. १८८७ चा व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाचा, १८९७ चा हीरकमहोत्सवाचा, १९०२ चा एडवर्डच्या राज्याभिषेकाचा. हे ब्रास स्वतःच तारीख सांगतात, म्हणून बाकीच्यांचा काळ ठरवायला उपयोगी. पंतप्रधान डिझरायलीचा चेहरा असलेला. तो १९ एप्रिल १८८१ ला वारला आणि त्याचे चाहते पुढे दरवर्षी त्या तारखेला छातीवर प्रिमरोझची फुलं लावत. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळचे सेनापती. राजकारण घोड्याच्या छातीवरून चालत गावोगाव फिरत होतं. मधोमध रंगीत चिनी मातीची गोटी बसवलेले काही होते, निळी, लाल, पांढरी. पितळ घासताना ती हमखास टिचायची, म्हणून धड सापडणं कठीण.

रेल्वेचा खण मला सगळ्यात आवडला. आगगाडीमुळे घोडा संपला अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आगगाडीनं घोड्यांचं काम वाढवलं, कारण स्टेशनापर्यंत आणि स्टेशनापासून माल न्यायला दुसरं होतं काय? यार्डात डबे हलवायलाही घोडे. ब्रिटिश रेल्वेचा डबे ओढणारा शेवटचा घोडा, चार्ली, न्यूमार्केटला १९६७ साली निवृत्त झाला. मामांना ही तारीख खरीच वाटेना. “म्हंजे आमच्या लग्नाच्या वक्ताला?”

पहिलं महायुद्ध या खणांतून स्पष्ट दिसतं. १९१४ च्या आधीचे खण भरलेले, नंतरचे विरळ. सैन्यानं लाखाहून जास्त घोडे शेतांवरून नि गाड्यांवरून उचलले, गाडीवानही गेले, पितळ काडतुसांना लागलं. परत आल्यावर लॉऱ्या आल्या होत्या. १९२० नंतरचे बहुतेक ब्रास घोड्यासाठी बनलेच नाहीत, भिंतीसाठी बनले.

चहा घेताना मी घासण्याबद्दल विचारलं. मामांनी आधीच चिंच सुचवून झाली होती. यजमान ठाम होते: पुन्हा पुन्हा पॉलिश नको. कोमट साबणाचं पाणी, मऊ कापड, कोरडं करणं, बस. झीज घोड्यावर झाली ती पुरे, आपण तिच्यात भर घालायची नाही. पाठीला तर हातच लावायचा नाही. माझी आठ पाउंडांची कोर त्यांनी भिंगाखाली धरली, खाचेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ही कपाळावरची आहे, छातीवरची नाही. झीज मधोमध सारखी आहे, एका बाजूला ओढलेली नाही. पुढे बराच वेळ ते काहीच न बोलता ती उलटसुलट करत राहिले. परत देताना त्यांनी ती स्वतःच्या कापडात गुंडाळून दिली.

सोमवार, आर्डिंग्ली

ईस्टर मंडेची लंडन हार्नेस हॉर्स परेड आता ससेक्समध्ये आर्डिंग्लीच्या जत्रेच्या मैदानावर भरते. तिचं मूळ १८८५ सालात. लंडनच्या रस्त्यांवर तेव्हा घोड्यांचे हाल होते: ओझं जास्त, खाणं कमी, चाबूक हाताशी. कायदा होता, प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची संस्था १८२४ पासून होती, पण शिक्षेनं सगळं साधत नाही. म्हणून काही लोकांनी उलटी वाट धरली. ज्यानं घोडा उत्तम ठेवला त्याला लोकांसमोर बक्षीस द्यायचं. गाडीवानांची परेड सुरू झाली. प्राणिरक्षण संस्थेनं पुढे पितळेचे गुणवत्तेचे बिल्ले द्यायला सुरुवात केली, साजावर लावता येतील असे. गाड्यांच्या व्यापारी घोड्यांची दुसरी परेड १९०४ मध्ये निघाली आणि १९६६ मध्ये दोन्ही एक झाल्या.

हे बिल्ले दिसायला अगदी साधे असतात. चंद्रकोरीच्या शेजारी ठेवले तर कुणी आधी उचलणार नाही. पण या सगळ्या छंदात ज्याचा अर्थ वादाबाहेर आहे असा हाच एक ब्रास. तो विकत मिळत नव्हता. घोड्याच्या अंगावरून कमवावा लागे.

सकाळी पोचलो तेव्हा पशुवैद्य रांगेनं घोडे तपासत होते. शायर, क्लाइड्सडेल, सफोक पंच, छोट्या भाजीच्या गाडीचं तट्टूसुद्धा. पाय उचलून खूर, ओठ वर करून दात, कॉलरच्या खालची कातडी. पितळेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गर्दीत आम्ही एका जोडीजवळ थांबलो. मार्टिंगेलवर पाच ब्रास, त्यातला सगळ्यात खालचा जुन्या परेडचा गुणवत्तेचा बिल्ला. गाडीवान सांगत होता, तो आजोबांचा, कोळशाच्या गाडीवरच्या घोडीला मिळालेला.

मामांनी मला सांगितलं, त्याला विचार, खांदा दाखवील का? गाडीवानाला क्षणभर नवल वाटलं. मग त्यानं कॉलर सैल करून थोडी पुढे सरकवली. मामांनी दोन बोटांनी केस उलटे फिरवून पाहिले, मानेवर, मग खाली जिथं ओझं येतं तिथं. कुठंही केस गेलेले नव्हते, घट्टा नव्हता. त्यांनी दोन्ही हात जोडून गाडीवानाला नमस्कार केला आणि तो माणूसही टोपी काढून मान लववून उभा राहिला. मग दोघं हातवारे करत बोलत राहिले, एक इंग्रजीत, एक तासगावच्या मराठीत: खांदा आला तर काय लावता, दूध सोडलेल्या शिंगराला पहिला पट्टा कधी घालता, उन्हाळ्यात पाणी किती वेळा. मला मधे पडावं लागलं ते फक्त औषधांच्या नावांपुरतं.

दुपारी मुख्य रिंगणात त्या जोडीला बक्षिसाचं रोझेट, फितीचं फूल, मिळालं.